पाठ केलेलं पान

लेकीला वाचताना अक्षरं उमगत नसत, म्हणून वर्गात तिच्या शेजारी बसायला सरकारने एक मदतनीस बाई दिल्या होत्या. ही मदत पुढे द्यायची का, याची वर्षाची तपासणी जवळ आली, तसं आईने लेकीचं हसं नको म्हणून महिनाभर तिच्याकडून एकच धडा घोकून घेतला. तपासणीला आलेल्या साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, तर ते आपसूक त्याच पानावर उघडलं. लेकीने धडा घडाघडा म्हटला. साहेबांनी खूश होऊन लिहिलं, मदतीची गरज नाही. धोंडा पाडला आईने, पाय मात्र लेकीचा!

सोमवारी लेक रडवेली घरी आली.

"आई, मी कुठला शब्द चुकले गं, म्हणून बाई गेल्या?"