वेणी वर बांधा

प्लास्टिकच्या त्या पापुद्र्याखाली हवेचा एक बुडबुडा होता – मोहरीएवढा, डाव्या कोपऱ्यात. बोटानं दाबला की तो ‘अ’वरून ‘स’वर जायचा आणि पत्ता चुकल्यासारखा परत यायचा. लाल बटण. त्यावर ‘असहमत’. तीन वर्षांत ते एकदाही दाबलं गेलं नव्हतं, म्हणून दुकानातून येताना असलेलं प्लास्टिक अजून तसंच होतं. शेजारच्या हिरव्या बटणावरचं ‘सहमत’ मात्र तिच्या अंगठ्यानं इतकं घासलं गेलं होतं, की मधली दोन अक्षरं निघून गेली होती आणि ‘स’ आणि ‘त’ तेवढे दोन टोकांना उरले होते, भांडण झाल्यासारखे.

इस्पितळाच्या तळघरातल्या या खोलीत मशीन छातीचे एक्स-रे फोटो वाचायचं, खाली आपलं मत लिहायचं, आणि तिनं ते पाहून बटण दाबायचं. प्रत्येक फोटोवरून माणसाची नजर फिरली पाहिजे, असा नियम होता. फिरायची. पाच मिनिटं काही दाबलं नाही की पडद्यावर चौकट यायची – ‘आपण आहात का?’ – आणि खाली एकच बटण असायचं, ‘हो’. ‘नाही’ची सोय नव्हती. तसं बरोबरच आहे म्हणा... जो नाही तो दाबणार कसा.

आत्ता समोर क्रमांक एकेचाळीसशे सतरा होता. नाव नाही, नाव दिसलं की माणूस दयामाया करतो, असं वरच्या मजल्याचं म्हणणं. खाली मत: ‘छाती निर्दोष’. अंगठा हिरव्यावर गेलाही होता, आणि तेवढ्यात तिला गळ्याखालचं उजवं हाड दिसलं – वाकडं जुळलेलं, स्वल्पविरामासारखं. हे हाड ती ओळखत होती. नऊ वर्षांची असताना छत्री घेऊन ती कपाटावरून उडाली होती, आणि दवाखान्यात आई एवढंच म्हणाली होती, “छत्री उघडायचीस तरी.”

म्हणजे ही मी. परवाच्या कर्मचारी तपासणीतली.

छाती निर्दोष... हे छापून सासूबाईंना द्यायला हवं, पंधरा वर्षांत आपल्याला कुणी निर्दोष म्हटलेलं नाही – असं मनात येऊन ती हसणार होती, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. डावीकडे वर, खांद्याजवळ, एक सावली होती. लांबट, पुसट, ओल्या बोटानं ओढल्यासारखी.

मशीनवर तिचा पहिल्या दिवसापासून संशय होता. जो जांभई देत नाही त्याच्यावर विश्वास काय ठेवायचा? पण हा संशय ती रोज घरीच विसरून यायची, छत्री विसरावी तसा. घरी तर कुणालाच कसला संशय नव्हता. नवरा बसचालक, दिवसभर बस चालवून घरी आला की व्हिडिओ गेममध्ये पुन्हा बसच चालवायचा, का तर तिथे रस्ते बरे असतात. बस दरीत कोसळली की प्रवासी कपडे झटकत उठायचे आणि पुन्हा थांब्यावर रांग लावायचे. “तीन जीव असतात,” तो म्हणाला होता. “आणि प्रवाशांना?” तिनं विचारलं, तर तो वळण घेता घेता म्हणाला, “कधी विचारलं नाही.” सासूबाई फोनमधल्या बाईचं ऐकायच्या. गुडघा गरम शेकायचा की थंड, हे तीच ठरवायची. “आई, मी इस्पितळात काम करते,” असं ती एकदा म्हणाली, तर उत्तर तयार – “हो गं, पण ती आवाज चढवत नाही.”

सावली हलत नव्हती. बुडबुडा तरी हलायचा.

मग तिला वेणी आठवली आणि इतकं हलकं वाटलं, की तिनं खुर्चीला पाठ टेकली. वेणीच! मोकळी वेणी खांद्यावरून पुढे आली की फोटोत अशीच सावली पडते. फोटोच्या खोलीबाहेर ‘वेणी वर बांधा’ ही पाटी तिनंच लिहून लावली होती. फक्त परवा आपण स्वतः ती बांधली होती की नाही, ते... ते आठवेना. दहा हजार बायकांना सांगितलं असेल. स्वतःला कोण सांगतं?

तिनं शेजारच्या खोलीचं दार ढकललं. फोटो काढणारा काचा पुसत होता.

“परवा माझा फोटो काढलास, तेव्हा वेणी वर होती का रे?”

“असेलच की, ताई.”

“असेल, की होती?”

“तुम्हाला मी काय सांगणार? पाटी तुमच्याच हातची.”

“म्हणजे बघितलं नाहीस.”

“तुम्ही होतात, म्हणून नाही बघितलं.” त्यानं फडकं झटकलं. “पुन्हा काढला असता, पण वरची चिठ्ठी लागते. आणि चिठ्ठीसाठी आधी तुमचं असहमत. मशीन काय म्हणतंय?”

“निर्दोष.”

“मग झालं तर.”

मग झालं तर... ती परत येऊन बसली. त्यानं बघितलं नाही, कारण मी होते. मी बघत नाही, कारण मशीन आहे. आणि मशीन? ते बसवायला आलेला इंजिनिअर किती कौतुकानं म्हणाला होता – ताई, हे तुमच्याकडूनच शिकणार बरं का. तुम्ही सहमत म्हणालात, की त्याला कळतं आपलं बरोबर आहे. म्हणजे ही सावली निर्दोष, हे त्याला सांगितलं कुणी? अशी लांबट, पुसट सावली याआधी किती वेळा अंगठ्याखालून गेली... वेणी असेल, वेणीच असेल, म्हणत... आणि पुरुषांना वेणी नसते, हा विचार तिला इतक्या उशिरा आला, की तिनं उगाचच दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

लाल बटण दाबलं की हा फोटो मोठ्या डॉक्टरांकडे वर जाणार, आणि त्याच्यामागून तिचे आधीचे एक हजार सहमत, पुन्हा तपासायला. माझी नजर बरोबर निघाली, तर माझ्या छातीत काहीतरी आहे आणि त्या हजारातही कुणाकुणाच्या असेल. मशीन बरोबर निघालं, तर सगळे सुटले. तीन वर्षं ज्या मशीनची चूक सापडावी म्हणून ती मनातून टपून बसली होती, त्यानं आज, आजच्या दिवस, आपल्यापेक्षा शहाणं असावं असं तिला वाटलं. अगदी काकुळतीनं वाटलं. आणि मग त्या वाटण्याचाच संशय आला.

तिनं वेणी पुढे ओढून घेतली. आजची वेणी, साक्षीला निरुपयोगी. दुसऱ्या हाताचं नख पापुद्र्याच्या कडेखाली गेलं होतं, कोपरा सुटला होता, आणि बुडबुडा नाहीसा झाला होता – कुठे गेला ते मात्र कळलं नाही.

पडद्यावर चौकट आली. आपण आहात का?

एरवी ‘हो’ न वाचताच दाबलं जायचं. आज अंगठा तिथेच राहिला. ती ते तीन शब्द वाचत राहिली, मुलाखतीत खोचक प्रश्न यावा तसे, पुन्हा पहिल्यापासून. आणि तिला हळूहळू शंका येऊ लागली, की हे खरंच विचारतंय.