मागच्या आसनावरचा रस्ता

भुईगावात, केळीच्या दोन वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद वाटेच्या टोकाशी ऑगस्टीन सरांचे घर होते. डिसेंबरातल्या त्या रविवारी विघ्नेश तिथे पोहोचला तेव्हा नुकते फटफटत होते. सर ओट्यावर बसून बोटांनी चाचपत बुटांच्या नाड्या बांधत होते आणि ओट्याला टेकून टँडेम उभी होती. टँडेम म्हणजे दोघांची सायकल. एकाच सांगाड्यावर पुढेमागे दोन आसने, पायडलांच्या दोन जोड्या आणि त्या दोन्ही जोड्यांना एकत्र फिरवणारी साखळी. पुढच्याने रस्ता पाहायचा, वळवायचे, ब्रेक लावायचे. मागच्याने पायांचा जोर द्यायचा आणि बाकी सगळे पुढच्यावर सोपवायचे. काचबिंदूने सरांची दृष्टी पुरती गेली होती. त्यामुळे मागचे आसन त्यांचे होते.

पुढच्या आसनावर आधी त्यांचा पुतण्या जेसन बसत असे. तो नोकरीसाठी परदेशी गेला, तेव्हा सायकलवाल्यांच्या गटात कुणीतरी निरोप टाकला की शनिवारी संध्याकाळीच चर्चमध्ये मिस्सा आटोपून रविवार मोकळा ठेवणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना लांबच्या फेरीसाठी पुढे बसणारा हवा आहे. गटात कधी एक अक्षरही न लिहिणाऱ्या विघ्नेशने त्या निरोपाला उत्तर दिले. का दिले, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आले नसते.

तो विरारच्या मनवेलपाड्यात आईवडिलांसोबत राहत होता. एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना लेखी उत्तरे देण्याचे त्याचे काम होते. तिथे बोलावे लागत नसे, आणि घरी कुणी फारसे विचारत नसे. आठवडाभर त्याच्या आतल्या आत लांबलचक, नीटस वाक्ये तयार होत आणि तिथेच विरून जात. पण टँडेमवर साखळीतून मागच्या माणसाचे पाय कळत. चढावर सरांनी दात खाऊन लावलेला जोर कळे, उतारावर सुटलेला सुस्कारा कळे, एखादे भजन मनात घोळत असले की त्याचा ठेकासुद्धा पायडलातून कळे. न बोलता कुणाच्या इतके जवळ असता येते, हे विघ्नेशला पहिल्यांदाच उमगले होते. साऱ्या आठवड्यात तेवढेच तास तो एकटा नसे.

"आलास?" सरांनी विचारले.

"हो, सर."

"दोन शब्द! आजचा निम्मा साठा इथेच संपवलास की." सर हसले आणि मग त्यांनी आवाज खाली आणला. "बस जरा. एक सांगायचंय. पुढच्या रविवारपासून आमची जॉयस पुढे बसेल. महिनाभर संध्याकाळी शिकतेय ती. मला केळीत पाडून झालं, कुंपणावर घालून झालं, पण शिकली."

विघ्नेश म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

"चुकलं कसलं? तू चालवतोस तेव्हा पोटातलं पाणी हलत नाही. पण बाबा रे, तू मला फक्त खड्डे सांगतोस. खड्डा, गतिरोधक, पुन्हा खड्डा. पावसाळा संपल्यापासून मी नुसता खड्ड्यांच्या मुलखात फिरतोय. देवानं त्या रस्त्यावर दुसरं काही ठेवलंच नाही का?"

"पप्पा, सकाळी सकाळी त्याला कशाला छळता?" पाण्याच्या बाटल्या घेऊन सरांची मुलगी जॉयस बाहेर आली. "आणि गंमत बघ हं विघ्नेश. शाळेत बडबड करते म्हणून ह्यांनीच मला वर्गाबाहेर उभं केलेलं. आता तीच बडबड पाहिजे!"

"डोळे गेले की माणसाची शिस्तही बदलते," सर म्हणाले आणि चाचपत मागच्या आसनावर चढले.

निर्मळ आणि सोपारा ओलांडून, महामार्ग पार करून शिरसाडचा फाटा मागे टाकेपर्यंत ऊन कोवळेच होते. मांडवीच्या पुढे रस्ता एकाकी झाला. भात कापून झाले होते. मोकळ्या खाचरांत भाताच्या भाऱ्यांच्या उडव्या रचून ठेवल्या होत्या आणि बांधांवरून धुके उठत होते. विघ्नेशने मनाशी ठरवले होते की आज बोलायचे. हे आसन जाऊ द्यायचे नाही.

डाव्या हाताला ताडाचे झाड दिसले. वाक्य जुळू लागले: सर, डाव्या बाजूला एक उंच ताड आहे, त्याला बांधलेल्या मडक्याच्या काठावर साळुंकी बसली आहे आणि ती आत डोकावते आहे. पण शब्दांना शब्द लागून साळुंकीपर्यंत पोहोचेतो ताड कधीच मागे गेला होता. आणि जे समोर उरले नाही ते 'आहे' म्हणून सांगणे त्याला खोटे वाटले. पुढे रविवारची बंद शाळा आली. तिच्या व्हरांड्यात, फळ्यासमोर, एक शेळी गंभीरपणे उभी होती. या वेळी त्याने ओठही उघडले. तेवढ्यात रस्ता उखडलेला दिसला.

"खड्डा," तो म्हणाला.

मागून सुस्कारा ऐकू आला.

असे उसगाव गेले, वज्रेश्वरी गेली. पाहण्यासारखे काय काय सामोरे येत होते, आणि प्रत्येकासाठी त्याच्यापाशी एक सुंदर, उशिरा आलेले वाक्य होते. तानसा नदीच्या काठी एका टपरीपाशी ते चहाला थांबले.

"काय दिसतंय?" कपावर फुंकर घालत सरांनी विचारले.

"नदी आहे, सर."

"ती मला ऐकू येते, विघ्नेश."

टपरीवाला हसला. विघ्नेश चहाकडे पाहत राहिला.

ते परतीला निघाले. मग एका वळणाअलीकडे त्याच्या ध्यानात आले की पुढे काय येणार हे आता त्याला ठाऊक आहे. सकाळी उशीर झालेली सगळी वाक्ये त्याच्यापाशी पूर्ण होऊन पडली होती आणि ज्यांची ती होती, ती झाडे, घरे, खाचरे आता एकेक करून पुन्हा समोर येत होती. त्याने घसा साफ केला.

"सर, आता डाव्या बाजूला एक विटांची भट्टी येईल. आलीच. धूर सरळ वर जात नाहीये. थोडा वर चढतो आणि जड झाल्यासारखा शेतावर आडवा पसरतो. भट्टीजवळ एक बाई लेकराचे केस विंचरतेय, आणि ते पळायला बघतंय."

स्वतःचाच आवाज ऐकून तो घाबरला, पण आता थांबणे बोलण्याहून अवघड होते.

"पुढे शाळा आहे. सकाळी व्हरांड्यात शेळी होती. फळ्यासमोर. म्हणजे, वर्ग घेत असल्यासारखी. थांबा, आता दिसेल... आहे, सर! पण आता बसलीय."

"तास संपला असेल," मागून आवाज आला. त्यात हसू होते.

मग तो बोलतच सुटला. ताड सांगितला, मडके सांगितले, साळुंकी उडून गेल्याचे सांगितले. उडव्यांचा रंग सांगताना तो अडला, तेव्हा सरांनी विचारले, "कसा? पावाच्या कडेसारखा?" आणि तो म्हणाला, "हो, अगदी तसाच." मांडवीच्या अलीकडे त्याला एकाएकी जाणवले की सायकल जड झाली आहे. पायडले फिरत होती, पण मागचा जोर नाहीसा झाला होता. दोघांचे ओझे तो एकटाच ओढत होता.

"दमलात, सर?"

"नाही रे. तू बोल. मी पाय विसरलो."

शिरसाडपाशी महामार्गाच्या गोंगाटात बोलणे बुडून गेले. तरी त्याच्या छातीत काहीतरी मोकळे झाले होते आणि ते आता पुन्हा मिटणार नाही असे त्याला वाटत होते.

भुईगावात पोहोचले तेव्हा जॉयस स्टुलावर चढून ओट्याच्या वाशाला नाताळचा तारा बांधत होती. सर उतरले. त्यांनी हात पुढे केला, विघ्नेशचा खांदा शोधला आणि तिथेच ठेवला.

"मांडवीला कितीदा गेलो असेन. आज बऱ्याच वर्षांनी पाहिली." मग त्यांनी विचारले, "तुला काही म्हणायचं आहे का, विघ्नेश?"

त्याला म्हणायचे होते. पण हे वाक्य सकाळी कुठल्याही वळणावर तयार झाले नव्हते. ते आत्ता, पहिल्यांदाच, त्याच्या समोर येऊन उभे राहिले होते. 'मला पुढच्या रविवारी', इथवर ते जुळले. पुढचे शब्द सुचेनात.

"पप्पा, हेल्मेट आत ठेवू नका हां!" स्टुलावरून जॉयस ओरडली. "जेवून लगेच बीचपर्यंत एक फेरी मारू. मला भरल्या रस्त्यावर सराव हवाय."

"नाही, सर," विघ्नेश म्हणाला. "काही नाही."

हात आणखी थोडा वेळ खांद्यावर राहिला. "बरं," सर म्हणाले आणि तो उचलला गेला.

आपल्या एकट्याच्या सायकलवरून तो निघाला. ती नको तितकी हलकी वाटत होती. मागे कुणी नव्हते आणि तरीही प्रत्येक वळणावर त्याचा वेग आपोआप मंदावत होता. निर्मळच्या तळ्याच्या काठी तो उतरला आणि पायरीवर बसला. ऊन डोक्यावर येऊन कलले, तळ्यावरून वारा आला, आणि मग ते वाक्य अखेर संपूर्ण उभे राहिले: सर, पुढच्या रविवारीही मला पुढे बसायचे आहे, मला बोलायला उशीर लागतो, पण मी बोलेन.

त्याने सायकल भुईगावकडे वळवली.

वाडीची वाट किनाऱ्याच्या रस्त्याला मिळते त्या वळणावर त्याला जॉयसचा आवाज ऐकू आला आणि पाठोपाठ झोकांड्या खात टँडेम दिसली. तो त्यांच्या उजव्या हाताला, रस्त्याच्या कडेला पाय टेकून उभा राहिला.

"पप्पा, विघ्नेश उभा आहे! वळणावर!"

"काय करतोय?"

"काही नाही, नुसता उभाय. हात करा त्याला, हात करा! मी थांबवू शकत नाही, थांबवली तर दोघंही पडू!"

सरांनी हात उंच केला. तो डावीकडे, केळीच्या वाडीकडे हलत राहिला.

"सर," विघ्नेश म्हणाला. तोवर टँडेम पुढे निघून गेली होती.

तो रस्ता पुढे सुरूच्या बनात शिरतो आणि किनाऱ्यावर संपतो. तिकडे गेलेल्याला याच वळणावरून परत यावे लागते. विघ्नेशने सायकल कुंपणाला टेकवली, हेल्मेट काढले आणि तो थांबून राहिला. बनाच्या बाजूने जॉयसचा आवाज येत होता. ती अखंड काहीतरी सांगत होती; काय, ते मात्र इथवर कळत नव्हते.