शीग लावलेलं माप

टक्क.

दुपारच्या सामसुमीत ओसरीवर आवाज झाला आणि माझी पेन्सिल थांबली. छबूनं धान्याचं माप फरशीवर उपडं केलं असणार. खेळू दे. सासूबाई शेजारी कुरडया घालायला गेल्या होत्या. त्या येईपर्यंत मला एवढंच शोधायचं होतं, की माझं गणित कुठं चुकलं.

सकाळी छबूचे वडील मळ्यातून आले ते उसाची दोन पानं हातात घेऊन. शेंडे भाजल्यासारखे तांबूस. "बघ, तुझं खत," एवढंच बोलले आणि पाणीसुद्धा न पिता कालव्याच्या पाटकऱ्याला गाठायला निघाले. पाणी लगेच सोडलं तर खत विरघळून खाली जाईल. पण आमची पाळी शनिवारची, आज बुधवार, आणि वर चैत्राचं ऊन.

लढाई संपली तरी विलायती खत परमिटवरच होतं. राहात्याहून एक पोतं मिळालं, शंभर रत्तल, साखरेसारखं पांढरं. आमच्या रानानं आजवर शेणखत आणि पेंड एवढंच खाल्लेलं. सोबतच्या पत्रकात लिहिलं होतं, एकराला शंभर रत्तल. आणि खाली ठळक, जास्त झाल्यास पीक करपते. घरात वाचणारी मी एकटी. संगमनेरला पाचवीपर्यंत शिकले ते पहिल्यांदाच घराच्या कामी येणार म्हणून मी किती हरखले होते!

ऊस तीस गुंठे, म्हणजे पंचाहत्तर रत्तल. उरलेलं पंचवीस पुढं उसाला मातीची भर देताना. घरी तागडी नाही, म्हणून राहात्याच्या खाजाभाई पेंडवाल्याकडे आमचंच माप पाठवून त्यात खत भरून तोलून घेतलं. कडेबरोबर भरलं की पाच रत्तल. म्हणजे पंधरा मापं. सऱ्या साठ. चार सऱ्यांना एक माप.

"चार सऱ्या, एक माप. ह्ये तर मला बी येतंय की," सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि मापायला त्याच गेल्या. छबूला ताप होता, मी तिच्या उशाशी.

तिसऱ्यांदा मांडलं. तेच उत्तर. आपलं चुकलंय आणि कुठं ते दिसत नाही, याच्याइतकं वाईट काही नाही. बाईच्या हिशेबानं ऊस जळाला, हे गावात पसरायला किती वेळ? आणि मग छबूला शाळेत घाला म्हणायला मी कोणत्या तोंडानं जाऊ?

उठून ओसरीवर आले. छबू मापात माती भरत होती. काठोकाठ भरून झाल्यावर वर आणखी ओंजळ घातली, दोन्ही तळव्यांनी गोंजारून निमुळतं शिखर केलं आणि एक म्हणायच्या जागी आजीसारखं गंभीरपणे म्हणाली, "लाभ." मग, "दोन." पुन्हा तेच शिखर.

"वर एवढं कशाला गं, बाळा?"

"आजी अशीच भरती. शीग लावून."

मी तिच्या हातातून माप घेतलं. एक शीग काढून टोपलीत टाकली, पुन्हा लावून दुसरी, तिसरी, चौथी. माप रिकामं करून टोपलीतली माती त्यात ओतली. माप भरलं. पंधरा मापांची जवळजवळ एकोणीस झाली होती.

तेवढ्यात सासूबाई आल्या.

"आत्याबाई, खत मापताना शीग लावली होती?"

"मंग? कडंपातूर घालाया मी काय वाणी हाय व्हय? शेजारनीला उसनं पीठ देताना बी आपल्या घरात शीग लावत्यात. रान तर आई हाय. तिला कोरं माप?"

"पोत्यात काही उरलं?"

"कुठलं उरतंय! झाडून घातलं. छबूचा बा म्हनला, दुकानदारानं कमी भरलंय. मी म्हनलं असू दी." मग माझ्याकडे बघून, "का गं? त्वांड का असं?"

मी करपलेली पानं आणि माप त्यांच्यापुढं ठेवलं. "चार शीगांचं एक माप होतं, आत्याबाई."

त्यांना कागदावरचं कळत नाही, पण माप कळतं. त्यांची बोटं थोडा वेळ हलली, मग थांबली. त्या तिथंच पायरीवर बसल्या.

"माज्याच हातानं," एवढंच म्हणाल्या.

सकाळपासून मी देवाला विनवत होते, माझं चुकलेलं नसू दे. चुकलं नव्हतं. तरी बरं वाटेना. शीग लावू नका, हे मी सांगितलंच कुठं होतं? सहा वर्षं तीच शीग खाल्ली या घरात, आणि कडेबरोबर भरायचं ते फक्त खाजाभाईला कळवलं.

"पानी मिळंल न्हवं?" त्यांनी विचारलं. कालव्याची वाट अजून मोकळीच होती. ऊन तसंच.

छबू आजीच्या मांडीला टेकली. पानाचा तांबूस शेंडा बोटानं चुरगाळत म्हणाली, "आजी, माजं पोट भरलं की मी बास म्हनते. तरी तू वाढतीस."

मग छबू माझ्याकडे वळली.

"आई, ऊस बास कसं म्हनतो?"