पितृपक्षातला संडास

मानवमुक्तीचा इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा गोरेगाव पूर्वेच्या आमच्या रत्नसिंधू सोसायटीला वगळून तो पुरा होणार नाही. आम्ही वॉचमनसाठी संडास बांधला.

बांधला म्हणजे सोसायटीतल्याच वनमालाताईंनी बांधायला लावला. आमचा वॉचमन सीताराम दरभंग्याचा. त्याला लागली की गेट ओढून रिक्षास्टँडपलीकडच्या सार्वजनिक संडासाकडे धावायचं. याच कारणावरून आधीच्या वॉचमनची नोकरी गेली होती. सेक्रेटरी चंद्रप्रकाश राणे यांनी सीतारामलाही दम भरला होता, "पुन्हा गेट सोडलंस तर दुसरा माणूस मागवीन."

ताईंनी मीटिंगमध्ये विषय काढला.

"वॉचमनला संडास कशाला?" राणे म्हणाले. "तो ड्युटीवर असतो."

"तू बँकेत ड्युटीवर असताना काय करायचास रे चंदू? दाबून बसायचास?"

"लालबागला अख्ख्या मजल्याला मिळून चार संडास होते आमच्या. मेलो का आम्ही?"

"मेला नाहीस, म्हणून तर डोकं खातोयस."

ठराव पास झाला. संडास झकास झाला. निळ्या टाइल्स, बाहेर बेसिन. ताई सीतारामला म्हणाल्या, "जा रे, तूच पहिला." तेवढ्यात राणे कॅलेंडर घेऊन आले. पितृपक्ष लागला होता.

"पितृपक्षात उद्घाटन? लोक काय म्हणतील?"

"संडासाला कसला आलाय पितृपक्ष? पितर येणारेत का तिथे?"

पण आम्ही सगळी कोकणातली माणसं. पितरांची चेष्टा आमच्याकडे चालत नाही. घटस्थापनेचा दिवस ठरला आणि तोवर कुणी उष्टा करू नये म्हणून दाराला लाल रिबीन बांधली. वर फलक लागला: 'परप्रांतीय कामगारांच्या हक्काचा विजय.' सीताराम त्या फलकाला वळसा घालून रिक्षास्टँडकडे धावत राहिला. धावताना गॅलरीत राणे नाहीत ना, हे आधी बघायचा.

घटस्थापनेला एक कामगार पुढारी आले. कात्रीचं तबक लाभार्थ्याच्याच हाती शोभतं, असं राणेंनी ठरवल्यामुळे इस्त्रीच्या गणवेशातला सीताराम रिबिनीपाशी उभा होता. पुढारी शिकागोच्या लढ्यापासून सुरू झाले. आठ तासांच्या दिवसावर बरंच बोलले. सीताराम सकाळपासून उभा होता. त्याने आधी या पायावर भार दिला, मग त्या. ताईंनी दोनदा घड्याळ दाखवलं, तर पुढाऱ्यांना वाटलं, वेळ भरपूर आहे.

"श्रमिकाचा स्वाभिमान," ते म्हणाले, "एक क्षणही थांबू शकत नाही!"

टाळ्या झाल्या. राणेंनी डोळे पुसले. पुढारी पाणी प्यायले आणि दुसऱ्या मुद्द्याकडे वळले.

सीताराम हळूच माझ्या कानाशी वाकला.

"काका, तबक जरा पकडता का? आणि सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं, तर गेट सोडून गेला म्हणू नका ना. रिबिनीखालून वाकून आतच जातोय."