फाटकाजवळची हातभर भिंत

मित्रांनो, मी एक जुना विजेचा मीटर आहे. काळं गोल पोट, पुढे काच आणि काचेच्या आत फिरणारी एक चकती. तुमच्यापैकी पुष्कळांनी असा मीटर बघितलाही नसेल, कारण आमची जात आता संपतच आली आहे. सध्या मी भिंतीवर नाही, व्हरांड्यातल्या स्टुलावर बसलो आहे. वीज कार्यालयाची गाडी मला न्यायला येईपर्यंत काडीचंही काम नाही. जन्मभर गप्प बसून मोजणाऱ्याला एकदा बोलायची सवड मिळाली, तर तो थांबेल होय? तेव्हा जरा सावरून बसा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी ओळीने बसलेल्या बायकांनी मला जोडलं. चकती बसवणाऱ्या बाईंनी तिच्यावर हळूच फुंकर मारली, कारण धुळीचा कण राहिला तर ती अडखळते. मग एका खात्रीच्या मीटरशेजारी टांगून माझी परीक्षा घेतली. तो मोजेल तेवढंच मी मोजायचं, ना कमी ना जास्त. मी पास झालो! झाकणाला सील ठोकलं गेलं आणि माझी रवानगी या घरात झाली.

या घराला गाडी लावायला एक चिंचोळी जागा आहे. आतल्या टोकाला पाण्याच्या टाकीखालची भिंत, बाहेरच्या टोकाला फाटक. फाटक आणि खिडकी यांच्या मधोमध हातभर भिंत उरते. तिथे मला टांगलं. येणारा-जाणारा पहिल्यांदा मलाच दिसायचा. अशी मोक्याची जागा मिळायला नशीब लागतं, हो!

या घरातले आजोबा तेव्हा आजोबा नव्हते. काळ्याभोर मिशांचे, तरणेबांड अँब्युलन्स ड्रायव्हर होते. ड्यूटीवरून आले की घरात शिरण्याआधी ते माझ्या काचेत डोकवायचे. चकती रमतगमत फिरत असली तर म्हणायचे, "पोरगं अभ्यासाला बसलंय." चकती गरागरा फिरत असली तर, "इस्त्री काढलेली दिसते!" आत जाऊन बघावं तर खरंच इस्त्री चालू. रीडिंग घ्यायला येणारा माणूसही रुमालाने माझी काच पुसून म्हणायचा, "शहाणा मीटर आहे. कधी तक्रार नाही." माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पण मित्रांनो, सगळे दिवस सारखे नसतात. रीडिंग घेणारा पुढे नुसता मोबाइल रोखून फोटो काढायचा आणि पळायचा. काचेवर धूळ साचली. एका कोळ्याने माझ्या डोक्यावर बिऱ्हाड केलं आणि भाडं म्हणून मेलेल्या माश्या दिल्या. आजोबाही निवृत्त झाले. ड्यूटीवरून परत येणंच संपलं, मग येताना माझ्याकडे बघणार कधी? मला वाईट वाटायचं. पण रंगारी आला, गवंडी आला, की आजोबा आतूनच ओरडायचे, "मीटरला हात लावायचा नाही!" तेवढ्यावर मी आणखी काही वर्षं काढली.

आता सूनबाईंची गोष्ट. आजोबांचा मुलगा जहाजावर, वर्षातला बराच काळ पाण्यात. घरात आजोबा आणि सूनबाई. ती बाळंतपणं करणारी नर्स आहे. आरोग्य केंद्रातून फोन आला की बॅग उचलायची आणि ज्या घरी बाळ येणार त्या घरी धावायचं. आजवर ती स्कूटरवर जायची. बॅग पायाशी, ऑक्सिजनची छोटी नळकांडी मागे बांधलेली, बघणाराच ओरडायचा, "अगं, जपून!" शेवटी केंद्राने तिला लांबच्या वस्त्याही दिल्या आणि घरात विजेवर चालणारी गाडी घ्यायचं ठरलं.

वीज कार्यालयातून इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी माझी काच बोटाने पुसली, आतलं वाचलं आणि म्हणाल्या, "गाडीच्या चार्जरचा भार या मीटरला पेलणार नाही. गाडीला वेगळा मीटर देऊ. हवा तर घराचाही नवा बसवून देते."

"गाडीला काय द्यायचं ते द्या," आजोबा म्हणाले. "घराचा मीटर आहे तिथेच राहील."

माझी चकती एकदम हलकी झाली.

गाडी आली तो दिवस मोठ्या गडबडीचा होता. शोरूमच्या माणसाने ती सरळ आत आणली आणि टाकीखालच्या भिंतीकडे नाक करून उभी केली. या गाडीचं चार्जिंगचं तोंड पुढे, अगदी नाकावर. वायरमनदादाने ते पाहिलं, आतल्या भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि चार्जर तिथे ठोकला. शेजारी गाडीचा नवा मीटर. त्याच्या पोटात काही फिरत नाही, नुसता लाल डोळा मिचकावतो. पण कामाला चोख आहे, उगाच नावं ठेवणार नाही. मग अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, भोवती मीठ आणि कोळसा भरला.

"काय हो, लोणचं घालताय की काय?" सूनबाईने विचारलं.

"असंच समजा ताई," वायरमनदादा हसला. "वीज कुठे चुकून बाहेर आली, तर तुमच्या अंगातून न जाता या वाटेने गुपचूप जमिनीत जाईल. हे लोणचं चांगलं मुरलेलं असलं की घर सुखरूप."

या सगळ्या वेळात आजोबा कुठे होते? दातांच्या डॉक्टरांकडे, नवी कवळी बसवायला! तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. परत आले आणि फाटकातच थबकले.

"गाडी अशी भिंतीत तोंड खुपसून का उभी आहे?"

मित्रांनो, या घरात कुठलीही गाडी, अगदी स्कूटरसुद्धा, नेहमी उलटी लागते. नाक रस्त्याकडे, पाठ भिंतीकडे. हा आजोबांचा अँब्युलन्सपासूनचा नियम. ते म्हणायचे, "परत येताना घाई नसते, जाताना असते. मागे घेत बसायचं तर येताना बसावं." हे घरात इतकं अंगवळणी पडलं होतं, की असं कुणाला सांगावं लागतं हेच सूनबाईच्या डोक्यात आलं नाही.

आजोबांनी लगेच किल्ली मागून घेतली आणि गाडी फिरवून झोकात उलटी लावली. मग मोठ्या ऐटीत केबल ओढली. ती गाडीच्या कडेने आली, दरवाजा ओलांडला, बोनेटपर्यंत पोचली आणि तिथेच संपली. नाकापाशी यायला वीतभर कमी! आजोबांनी ओढून पाहिली, वाकून पाहिली, केबलला चार शब्दही सुनावले. केबल ढिम्म.

वायरमनदादाला पुन्हा बोलावलं. "जोड लावून लांब करता येईल का रे?"

"अजिबात नाही. एवढा भार जोडावर टाकला तर तापून पेट घेईल. गाडी उलटीच लावायची असेल तर चार्जर फाटकाजवळ आणावा लागेल." असं म्हणत त्याने फाटकाकडे पाहिलं. सूनबाईनेही पाहिलं. आजोबांनी पाहिलं. तिथे हातभर भिंत होती आणि त्या भिंतीवर मी होतो.

माझी चकती थांबली असेल असं वाटलं ना तुम्हाला? छे! फ्रिज चालू होता, थांबून कसं चालेल? पण आतून मी हादरलो. कारण वायरमनदादा पुढे म्हणाला, "हा मीटर एकदा उतरवला की परत कुठेच लागणार नाही. चकतीचे मीटर आता बसवत नाहीत."

"मीटर हलणार नाही," आजोबा म्हणाले.

"मग गाडी सरळ लावू या, बाबा," सूनबाई म्हणाली.

"गाडी सरळ लागणार नाही."

"म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर!" सूनबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "मग चार्जिंग काय वाऱ्यावर करू?"

 आजोबा तणतणत आत गेले. सूनबाईने गाडी पुन्हा सरळ लावली आणि चार्जिंग सुरू केलं. फोन कधीही येऊ शकत होता, बिचारी करणार तरी काय?

आणि फोन आलाच. शाळा भरायची वेळ होती. गल्ली सायकलींनी भरलेली, त्यात कचऱ्याची गाडी फाटकाला चिकटून उभी. सूनबाई मान मोडेपर्यंत मागे वळून गाडी काढू लागली. आजोबा रस्त्यात उभे राहून हात हलवत होते. "ये, ये... थांब! अगं थांब! आता ये!" गाडी येई, थांबे, पुन्हा आत जाई. मी भिंतीवरून सगळं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, निघ ग बाई, निघ लवकर. शेवटी एकदाची निघाली.

दुपारी परत आली ती हळूच येऊन पायरीवर बसली.

"बाळ माझ्या आधी पोचलं, बाबा."

"म्हणजे?"

"शेजारच्या काकूंनी झेललं. आई आणि बाळ दोघंही ठीक आहेत. पण नाळ गळ्याभोवती होती. काकूंनी धीर सोडला असता तर..." 

आजोबा तिच्याशेजारी पायरीवर बसले.  डोळे पुसत ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. जाताना घाई असते. उलटी लावायला मला नीट येत नाही, तुम्ही शिकवा, मी शिकेन. पण मग चार्जर फाटकाजवळ हवा." तिने माझं नाव घेतलं नाही. चांगली पोर आहे ती.

आजोबा उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सदऱ्याच्या बाहीने त्यांनी माझी काच पुसली. कोळ्यालाही हलकेच उचलून कुंडीत सोडलं. मग इकडेतिकडे कुणी नाही असं बघून हळू आवाजात म्हणाले, "ऐक रे. आज पोरगी वेळेवर पोचली नाही. पुढच्या वेळी पोचायला हवी. त्यासाठी तुझी जागा लागणार आहे. तू काही बिघडला नाहीस, म्हातारा झालास म्हणूनही नाही. जागा हवी आहे, एवढंच."  मला भरून आलं, पण मीटरने रडावं तरी कसं?

वायरमनदादा इंजिनिअर बाईंना घेऊन आला. बाईंनी माझं शेवटचं रीडिंग घेतलं, पकडीने सील कापलं. वरची वीज बंद झाली. चकती आणखी एक वळसा घेऊन थांबली. दुखलं का? नाही. नुसती शांतता वाटली, सुट्टीच्या पहिल्या दिवसासारखी. आतल्या भिंतीवर घराचाही नवा मीटर बसला, चार्जर माझ्या जागेवर आला आणि आजोबांनी मला उचलून स्टुलावर ठेवलं. "कार्यालयाची गाडी न्यायला येईपर्यंत इथेच बसू दे. समोरचं दिसतं इथून," ते म्हणाले.

आणि काय काय दिसलं म्हणून सांगू! सूनबाई गाडी उलटी लावायला शिकू लागली. पहिल्या दिवशी नव्याने रंगवलेल्या कुंड्यांचा चुराडा. दुसऱ्या दिवशी फाटकाला पोचा. आजोबा "डावीकडे!" ओरडायचे आणि उजवा हात दाखवायचे. "बाबा, तोंडाचं ऐकू की हाताचं?" ती विचारायची. शेवटी आजोबांनी हात खिशात घातले, तोंड मिटलं आणि त्या दिवशी गाडी बरोबर लागली.

मग काल संध्याकाळी फोन वाजला. सूनबाई पदर खोचत बॅग घेऊन धावली. आजोबा तिच्याही आधी पोचले. त्यांनी प्लग काढला, केबल गुंडाळून माझ्या जागेवरच्या चार्जरला अडकवली आणि फाटक सताड उघडलं. गल्लीत तेव्हाही सायकली होत्याच. पण समोरचं सगळं तिला काचेतून स्वच्छ दिसत होतं. गाडी सरळ बाहेर पडली, वळली आणि गेली. एवढंच. इतक्या सहज, की मला खरंच वाटेना.

रात्री उशिरा ती परतली. गाडी उलटी, झकास लावली. आजोबा व्हरांड्यातूनच ओरडले, "काय झालं?"

"मुलगी! मी पोचून हात धुतले, त्यांच्या आजीशी गप्पा मारल्या, मग बाईसाहेब आल्या. आवाज असा खणखणीत की अख्खी वस्ती जागी केली!"

आजोबा हसत हसत माझ्या स्टुलाशी आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ऐकलंस ना? पोचली."

ऐकलं तर! अंगात वीज असती तर चकती अशी गरागरा फिरवली असती, की घरात दहा इस्त्र्या चालू आहेत असं वाटलं असतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांची धूळ पुसा, हे तर मी सांगेनच. पण कधी ना कधी आम्हाला उतरवावं लागतं, ते आम्हालाही कळतं. तेव्हा ओढून काढू नका. आधी समोर उभे राहा आणि जागा कशासाठी हवी आहे ते सांगा. आम्हा वस्तूंना सांगा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर सांगाच सांगा. कारण कळलं की जागा सोडणं जड जात नाही. म्हणजे, जातं थोडंफार. पण जागा सोडवते.