उलटा केलेला पडदा

डेन्मार्कहून आलेली मंडळी तीन दिवस एकच पालुपद लावून बसली होती, आणि वेंडेलिन राप तीन दिवस त्यांना मनातल्या मनात शिव्या हासडत होता.

"मशीन तुम्ही शिकवाल तेच शिकतं, हेर राप," मोगेन्स जर्मन रिवाजानं 'हेर', म्हणजे श्रीयुत, लावून म्हणाला. हा त्यांचा म्होरक्या, तिशीचा, पायात रंगीत मोजे. "तुमचा पडदाच मेलाय त्या कोपऱ्यात."

"माझा पडदा? अरे, तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी पडदे जुळवतोय!"

जर्मनीत श्वाबेनमधल्या एका विद्यापीठातली ही प्रयोगशाळा माणूस कसा बघतो ते मोजायची, आणि डेन मंडळी त्या मोजमापावरून मशीनला बघायला शिकवायची. मोजायला माणूस बहुतेक वेळा एकच, वेंडेलिन. हुद्दा तंत्रज्ञाचा, पण बावीस वर्षं प्रयोगालाही तोच बसायचा. विद्यार्थी जांभया देतात, हा बसला की दगड. लोखंडी दांडीवर दातांच्या डॉक्टरकडचा मसाला थापून त्यात त्याच्या दातांचा ठसा घेतला होता. तो चावून बसलं की डोकं केसभर हलत नाही. प्रत्येकाची दांडी वेगळी, खिळ्याला टांगलेली. याच्या दांडीवर डब्ल्यू. आर. ही आद्याक्षरं लिहिलेली होती, आणि प्रयोगशाळेच्या प्रत्येक शोधनिबंधात हीच दोन अक्षरं. त्याचा त्याला कोण अभिमान!

गेल्या वर्षी त्याला रस्त्यांचे वीस हजार फोटो त्याच पडद्यावर झर्रकन दाखवले. माणूस दिसला की बटण दाबायचं. त्याच्या उत्तरांवर मशीन शिकलं, आणि आता ते शहाणं डावीकडे वरच्या कोपऱ्यातलं माणूसच बघेना. उतारावरून येणारा सायकलवाला नाही, बाल्कनीतली बाई नाही.

गुरुवारी दुपारी वेंडेलिननं बाह्या सरसावल्या. चारला त्याला घरी पोचायचं होतं. गेर्लिंडेला, त्याच्या बायकोला, गरम पाण्याच्या तलावावर न्यायचं होतं. तिचे हातपाय थरथरायचे, आठवड्यातला तो एक तास काय तो तिला सुखाचा. घर टेकडीवर, बस दिवसातून दोनदा. गाडी होती म्हणून बाईला घराबाहेरचं जग होतं.

"स्वान्ये, ठिपके लाव," त्यानं हाक मारली. "एकदाचं त्या डेनचं तोंड बंद करू."

स्वान्ये डॉक्टरेट करणारी, उत्तरेकडची, जिभेला हाड नसलेली पोरगी. "लावते. पण पडदा खरंच मेला असेल तर कॉफी तुमच्याकडून. केकसकट."

त्यानं अंधाऱ्या खोलीचं दार लावून घेतलं, दांडी चावली, मधल्या खुणेवर नजर रोवली. आधी 'टक' आवाज, मग पडद्यावर ठिपका, एकेक कोपरा पाळीपाळीनं. टक, दिसला, दाबलं. डावीकडे वर मात्र नुसतीच टक. पुन्हा टक, ठिपका नाही.

त्यानं दांडी सोडली. "मेलाय गं! डेन बरोबर निघाला, काय सांगू!"

वैतागला खरा, पण हलकंही वाटलं. पडद्याचं दुखणं त्याच्या हातातलं. खात्रीसाठी त्यानं नेहमीचा इलाज केला. स्क्रू काढले आणि पडदा उलटा बसवला, वरचा डावा कोपरा खाली उजवीकडे. आता ठिपका न दिसणारं ते भोकही खाली उजवीकडे जायला हवं.

पुन्हा दांडी चावली. टक. खाली उजवीकडे ठिपका लख्ख दिसला. वर डावीकडे टक, आणि काही नाही.

पडदा फिरला होता, भोक जागच्या जागी होतं.

त्या जागी अंधार दिसतो म्हणावं, तर तेही नाही. भिंतीसारखं सपाट, शांत करडं. जे दिसत नाही ते डोकं बेमालूम भरून काढतं, हे त्यानंच शंभर विद्यार्थ्यांना ऐकवलं होतं. एप्रिलमध्ये घासलेला गाडीचा डावीकडचा आरसा आठवला. चौकातली ती सायकलवाली पोरगी, "आंधळा आहेस का रे म्हाताऱ्या!" म्हणून ओरडलेली. त्यानंच तिला उलट झापलं होतं. आई गं! तिला काही झालं असतं तर?

टक. तोंडात लोखंड, मान जखडलेली, दार बंद. डॉक्टर आधी गाडीच काढून घेतील. गेर्लिंडेचं काय?

टक. त्यानं बटण दाबलं.

काही दिसलं नव्हतं. पण आवाज तर ऐकू येत होता ना? टक, दाबलं. टक, दाबलं. नोंदीतलं भोक बुजत चाललं होतं. पडदा चांगला ठरेल, खापर मशीनवर फुटेल, डेन आपल्या गावी जातील.

मग त्याला आठवलं. अधूनमधून टक कोरी असते, मागे ठिपकाच नसतो. खोटं दाबणारा पकडायला ती युक्ती त्यानंच घातली होती. "माणूस वाईट नसतो गं," पहिल्याच आठवड्यात त्यानं स्वान्येला सांगितलं होतं, "पण त्याला दिसायला हवं असतं." दाबलं तर कोरीत सापडणार, नाही दाबलं तर भोक सापडणार. तो दाबतच राहिला.

बाहेर आला तेव्हा स्वान्येनं कॉफीचं नाव काढलं नाही.

"त्या कोपऱ्याच्या पाळीत अकरा कोऱ्या होत्या, हेर राप."

"किती दाबल्या मी?"

"सगळ्या." ती दार लोटून घेत म्हणाली. "बावीस वर्षांत तुम्ही एकही दाबली नव्हती. मी... आजचं पुसून टाकू का? कुणाला कळणार नाही."

'पुस' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. इतक्यात खिशातला फोन वाजला.

"वेंडेलिन, ऐक ना," गेर्लिंडे धापा टाकत, हसत होती. "आज मी बूट घातले. दोन्ही! नाड्यासुद्धा माझ्या मी बांधल्या, अर्धा तास लागला. निघालास ना?"

त्यानं टेबलावरची गाडीची किल्ली उचलली, मुठीत धरली आणि स्वान्येच्या हातात ठेवली.

"बूट काढ, गेर्लिंडे," तो म्हणाला. "मला दिसत नाही गं."