पिल्लाचं रडणं

स्टीलचं झाकण फरशीवर पडलं की लगेच गप्प बसत नाही. आधी एकदा खणकन वाजतं, मग स्वतःभोवती गरगरत राहतं, गरगरता गरगरता त्याचा सूर चढत जातो आणि शेवटी कुणी गळा धरावा तसं एकदम थांबतं. त्या दुपारी घरात टाचणी पडली तरी ऐकू यावं इतकी शांतता होती. ती मीच मोठ्या मिनतवारीनं जमवून आणली होती. पंखे बंद, खिडक्या बंद, फ्रिजसुद्धा बंद. आतल्या लहान खोलीत कानांवर हेडफोन चढवून, हातात एक जुनी छत्री घेऊन मी उभी होते. छत्री फटकन उघडायची, सावकाश मिटायची. पडद्यावर त्या आवाजाचा एक भलामोठा पक्षी होणार होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरात झाकण पडलं.

व्हिडिओ गेममधले आवाज बनवणं हे माझं काम. मक्याच्या पिठाची पिशवी मुठीत दाबली की बर्फावरची पावलं होतात. कच्चं गाजर कानाशी धरून मोडलं की राक्षसाचं हाड मोडतं. "तुमच्याकडे भाजी शिजायच्या आधी एकदा मरते," असं आमच्या जाऊबाई म्हणतात. ऑफिसात पूर्वी आमचा वेगळा स्टुडिओ होता. माणसं कमी होत गेली तसा तोही गेला आणि घरातली अडगळीची खोली माझा स्टुडिओ झाली. भिंतींना जाड पांघरुणं टांगली, दाराला आतून रजई ठोकली. दाराखालची फट तेवढी बुजवायची राहून गेली.

लेक सहा वर्षांची. घरात तिला सगळे भुंगा म्हणतात, कारण तोंड मिटलेलं असलं तरी तिचं गुणगुणणं चालूच असतं. नुकताच वरचा पुढचा दात पडल्यामुळे त्या गुणगुणण्यात एक बारीक शिट्टीही मिसळली आहे. तिला मी एक गोष्ट पढवून ठेवली होती. आईनं कानांवर हे काळं चढवलं की आईला बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. हाक मारून उपयोग नाही, दार वाजवून उपयोग नाही. आई बाहेर आली की काय ते सांगायचं. भुंग्यानं ते इतकं मनावर घेतलं होतं की शेजारच्या आजींनाही ती मोठ्या गांभीर्यानं सांगायची, "आई आत बहिरी झालीय."

खरं अगदी उलट होतं. खोलीतल्या माइकमधून हेडफोनमध्ये मला शेजारच्यांचा गळका नळही ऐकू येतो. पण 'मला ऐकू येतं आणि तरी मी येणार नाही' हे मुलीला कसं सांगायचं? त्यापेक्षा बहिरी आई परवडली.

झाकण थांबलं. मग अनवाणी पावलं आली आणि दाराशी थांबली. खालच्या फटीत तिच्या पायाच्या बोटांची सावली दिसली. ती खाली बसली असावी, कारण मग फट सगळीच काळी झाली. आणि ती रडायला लागली.

मुलं रडतात ते कुणीतरी यावं म्हणून. हे रडणं कुणाला कळू नये म्हणून होतं. आपल्यामुळे आईचं काम बिघडलं म्हणून आलेलं रडू, आणि आपण रडलो तर आणखी बिघडेल म्हणून गिळलेलं रडू. ओठ घट्ट मिटलेले, श्वास अडकत अडकत नाकातून येतोय, आणि मध्येच दाताच्या खिंडीतून एवढीशी शिट्टी निसटतेय. असलं रडणं मी आजवर ऐकलं नव्हतं. माझ्यासारखीच्या घरातच ते तयार होऊ शकतं.

माझा हात उठला. समोर चालू असलेल्या रेकॉर्डिंगच्या यंत्राकडे गेला आणि मी आवाज थोडा वाढवून घेतला.

आमच्या धंद्यातली ही खोडच आहे. आधी धरून ठेवायचं, मग बघायचं काय झालं ते. पण छत्री हळूच खाली ठेवताना तिची काडी वाजू नये म्हणून मी जी काळजी घेतली, ती काही खोड नव्हती.

तिचं रडणं आपोआप सरलं तेव्हा मी दार उघडलं. ती मांडीवर झाकण धरून बसली होती. डोळे पुसून लाल केले होते.

"आई, माझ्या हातून पडलं. तुला ऐकू आलं?"

"नाही गं राजा. काहीच नाही."

"आणि मी रडले ते?"

"तू रडलीस?"

"हळू रडले," ती म्हणाली, आणि तिच्या स्वरात चक्क थोडी ऐट होती.

मी तिला उचलून घेतलं. तिच्या गालांचं मीठ माझ्या ओठांना लागलं. "किती शहाणी माझी बाई," असं मी म्हणाले. ते शब्द अजून तोंडात तसेच आहेत.

आमच्या ऑफिसचा तेव्हाचा गेम साधा होता. मुलांनी एक पिल्लू पाळायचं. गोल, मऊ पिसांचं, इवल्या चोचीचं. त्याला भरवायचं, निजवायचं, फिरवायचं. सगळं फुकट. मूल खेळ बंद करायला गेलं की पिल्लू रडणार, एवढीच त्यातली गोम. ते रडणं बनवायचं काम माझ्याकडे होतं आणि ते काही केल्या जमत नव्हतं. ऑफिसात आता आवाज तयार करणारा एक प्रोग्रॅम आला आहे. आम्ही त्याला बुवा म्हणतो. बुवाला एक वाक्य लिहून द्यायचं, बुवा ढीगभर रडणी काढून देतो. पण चाचणीला बोलावलेली मुलं बुवाचं रडणं ऐकून खिदळायची आणि उठून जायची.

आमचे प्रमुख स्वतःला कॅप्टन म्हणवून घेतात. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, बुवाचं जमत नाही म्हणून तू आहेस. तुझंही जमलं नाही, तर बुवा निदान पगार मागत नाही." हसत म्हणाले. मीही हसले. त्या संध्याकाळी मी दारामागचं रडणं साफ केलं, थोडं बारीक केलं, पिसांच्या सळसळीखाली लपवलं आणि पाठवून दिलं.

चाचणीच्या खोलीला एका बाजूनं काच असते. आतल्या मुलांना आरसा दिसतो, आम्हाला मुलं दिसतात. लाल बुटांची एक मुलगी खेळत होती. तिच्या आईनं "चल, निघू या" म्हटल्यावर तिनं बाहेर पडायचं बटण दाबलं. पिल्लू रडलं. मुलीचं बोट तसंच हवेत राहिलं. मग तिनं पडद्यावरून हात फिरवला आणि पुन्हा खाली बसली.

"अगं, चल ना, उशीर होतोय."

"थांब ना. ते हळू हळू रडतंय."

काचेच्या अलीकडे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कॅप्टन म्हणाले, "लोक विचारतात, गेमच्या धंद्याला भविष्य आहे का? हे काय समोर बसलंय भविष्य! उद्या हे पोर परत येणार. कुठून आणलंस गं हे सोनं?"

"आवाजांच्या जुन्या साठ्यातून."

"आपल्या साठ्यात असलं काही होतं?"

"खाली दबलेलं होतं," मी म्हणाले. माझे कान इतके तापले की वाटलं, आता कुणीतरी विचारेल.

कुणी विचारलं नाही. गेम बाजारात आला आणि चालला. माझी खुर्ची राहिली. भुंग्याला मोबाईल देत नाही, त्यामुळे तिच्यापर्यंत तो कधी पोचणार नाही अशी मी मनाची समजूत घालून ठेवली होती.

मग एका रविवारी जाऊबाई आल्या, लेकीला घेऊन. माझ्या या पुतणीनं शाळा संपवून गेम बनवण्याच्या शिक्षणाचा हट्ट धरला होता आणि भाऊजींनी घरात अबोला. शेवटी घरातलं जे माणूस त्या धंद्यात आहे त्याचं मत घ्यायचं ठरलं. म्हणजे माझं.

जाऊबाई दातांच्या डॉक्टर. त्यांचं बोलणंही तसंच, चिमट्यात धरून ओढणारं. बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली. "आता तूच सांग बाई एकदा. यात पुढे काही आहे का? की चार वर्षं शिकून हीसुद्धा घरात छत्र्या उघडत बसणार?"

"मम्मी!"

"मम्मी काय? काकूला राग नाही येत. येतो का गं?"

"येतो ना. पण तोही रेकॉर्ड करून विकते," मी म्हणाले. सगळ्या हसल्या. मी म्हणाले ते काय म्हणाले, हे माझं मलाच उशिरा कळलं.

पुतणी पुढे सरकली. "काकू, तू सांग ना तिला. लहान पोरांपासून रिटायर झालेल्या आजोबांपर्यंत सगळे खेळतात. हे बंद कसं पडेल?"

"बंद नाही पडणार," मी म्हणाले. "खेळणारी माणसं वाढतच जातील. बनवायला किती लागतील, ते मात्र मला नाही सांगता येत. आमच्या खोलीत पूर्वी बसायला खुर्च्या पुरायच्या नाहीत. आता उरलेल्या खुर्च्यांवर आम्ही जाकिटं टाकतो."

"म्हणजे भविष्य आहे, पण त्यात आपल्याला बसायला जागा नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"पण चांगलं काम करणाऱ्याला आहे की नाही जागा?" पुतणी हटेना. "काकूचंच बघ! ते पिल्लू काकूनं रडवलंय, माहितीये? माझी मैत्रीण त्याच्यापायी परीक्षेला उशिरा पोचली. तू ऐकलंच नाहीयेस ना? थांब, ऐकवते."

"अगं, आधी चहा घ्या, गार होतोय," मी म्हणाले आणि उगाच उठले. उठून करणार काय होते? पुतणीनं मोबाईल काढला होता. भुंगा फरशीवर पालथी पडून रंगवत होती, नेहमीसारखी गुणगुणत.

पिल्लू रडलं.

जाऊबाईंनी कप खाली ठेवला. मान तिरकी केली. "परत लाव बघू."

पुतणीनं परत लावलं.

"याला दात किती दाखवलेत?"

"मम्मी, पिल्लू आहे ते! चोच आहे त्याला."

"असू दे चोच. हे वरचा पुढचा दात पडलेल्या मुलाचं रडणं आहे. दिवसभर दुसरं ऐकते काय मी? ही शिट्टी तिथूनच येते." मग माझ्याकडे बघून हसत म्हणाल्या, "कुणाच्या लेकराला रडवलंस गं?"

मी चहाकडे बघत राहिले. चहावर साय धरली होती.

गुणगुणणं थांबलं होतं. भुंगा उठून आली, ताईच्या हातातला मोबाईल तिनं दोन्ही हातांत घेतला आणि तोंडाजवळ नेला. "श्श," ती पिल्लाला म्हणाली. "हळू रड. आईचं काम चाललंय."

जाऊबाईंना आणि पुतणीला हसू फुटलं. भुंगा हसली नाही. तिनं बाहेर पडायचं बटण पुन्हा दाबलं आणि मोबाईल कानाला लावला. तिची जीभ आपसूक दाताच्या खिंडीत गेली.

"ही मी आहे," ती म्हणाली. "झाकण पडलं ना, तेव्हाची."

जाऊबाईंचं हसू तोंडावरच राहिलं, मग हळूहळू उतरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. पुतणी मात्र माझ्याकडेच बघत होती, रागानं नाही, शिकायला बसलेल्या मुलीसारखी.

"म्हणजे असं करतात का, काकू?" तिनं हलकेच विचारलं. "यात यायचं तर असं करावं लागतं?"

मला सांगता आलं असतं की सगळे करत नाहीत. सांगता आलं असतं की खूप सुंदर खेळ बनतात, अजून बनतील, आणि बनवणारी माणसं चांगली असतात. हे सगळं खरं आहे. पण भुंगा माझ्या गुडघ्याशी येऊन उभी होती आणि तिच्या हातात पिल्लू रडतच होतं, कारण कुणी ते बंद केलं नव्हतं.

ती रागावली नव्हती. हाताच्या बोटांवर बेरीज करताना चेहरा होतो, तसा तिचा चेहरा झाला होता.

"आई, हेडफोन घातले की तुला ऐकू येत नाही ना?"

जाऊबाई उठून खिडकीशी गेल्या.

"येतं," मी म्हणाले.

"सगळं?"

"सगळं."

तिनं मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला, सांभाळून, न वाजवता. मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं,

"मग तू दार का नाही उघडलंस?"